पाण्यावरचा ठपका

"मग चूक माझ्याच हातून झाली असणार," पी ओर म्हणाली, आणि खोलीत बसलेल्या चौघांपैकी तिघांनी माना खाली घातल्या. ताठ राहिलेली चौथी मान तिचीच होती.

तिचे पूर्ण नाव ओरताय. पण वयाने आणि अनुभवाने थोरली म्हणून संस्थेत सगळे तिला 'पी ओर' म्हणत. उपग्रहाच्या इंजिनासाठी पाणी शुद्ध करणे आणि ते टाकीत भरणे हे काम तिचे. उपग्रह पावाच्या दोन लाद्यांएवढा. नाव क्राजोक, म्हणजे चिमणी. उत्तरेतल्या जळत्या शेतांचा धूर आणि मधल्या मैदानातला पूर पाहण्यासाठी त्याला वर धाडले होते. तो ज्या उंचीवर फिरत होता तिथेही हवेचा थोडा अंश उरलेला असतो आणि तो अंश उपग्रहाला सतत मागे खेचतो. म्हणून अधूनमधून इंजिनाने रेटा द्यायचा आणि उपग्रहाने आपली उंची सांभाळायची, अशी योजना होती. इंजिनाचा रेटा आता जवळजवळ संपला होता. आणखी काही महिन्यांत क्राजोक खाली घसरून जळून जाणार, यात कोणाला शंका उरली नव्हती. प्रश्न एवढाच होता की असे का झाले.

उत्तरापर्यंतचा तर्क निरुतने मांडला होता. इंजिन त्याचे, म्हणून विश्लेषणही त्याचे. नळीचे तापमान योग्य आहे. नळीच्या मागचा दाब वाढत चालला आहे. पुढचा रेटा घटत चालला आहे. अर्थात नळी आतून बुजते आहे. नळी बुजते याचा अर्थ पाण्यात काहीतरी विरघळलेले होते आणि वाफ होताना ते मागे राहिले. जमिनीवर ठेवलेल्या जुळ्या इंजिनात त्याच बरणीतले पाणी भरले होते, आणि ते इंजिन अजून ठणठणीत आहे. अर्थात बरणीतले पाणी शुद्ध होते. मग अशुद्धी शिरली ती बरणी आणि टाकी यांच्या मधल्या वाटेवर. इथपर्यंत येऊन निरुत थांबला होता. शेवटची पायरी त्याने उच्चारली नाही. ती पी ओर स्वतःच चढली.

"भरून झाल्यावर वजन थोडं जास्त आलं होतं," ती सांगत होती. "मला वाटलं, माझंच माप चुकलं. मग पिचकारीनं थोडं पाणी काढून घेतलं. ती पिचकारी नवीन पाकिटातली होती की आधी नळाखाली धुतलेली, हे मला आता छातीठोक सांगता येत नाही."

"ओर, इतक्या लवकर कबूल नको करूस," संस्थेचे प्रमुख प्रमोट म्हणाले. त्यांना सगळे 'आचान', म्हणजे गुरुजी, म्हणत. "इथं कोणी तुला फासावर देत नाहीये."

"कबूल नाही करत, आचान. हिशेब लावतेय. दुसरं कोण होतं तिथं?"

तिथे निरुत होता. वजन जास्त का आले, हे जगात त्या एकट्यालाच ठाऊक होते.

*

पाण्याचे इंजिन हा निरुतचा हट्ट होता. छोट्या उपग्रहाला रेटा देण्याचे जे स्वस्त मार्ग म्हणवतात, त्यांतला एकही गरिबाला परवडत नाही, हे त्याने तीन बैठकांत वाद घालून सिद्ध केले होते. दाबाखाली भरलेला वायू रॉकेटवाले सोबत घ्यायला कचरतात. आयोडीन स्वस्त खरे. पण ते ज्या धातूत ठेवावे त्यालाच खाते. परदेशातले विजेवरचे तयार इंजिन घ्यावे, तर त्याची किंमत उरलेल्या सगळ्या उपग्रहाएवढी. "पाण्याचा स्फोट होत नाही, पाणी न्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि सांडलंच तर फडक्यानं पुसता येतं," तो म्हणाला होता. पाणी बारीक नळीतून सोडायचे, नळी तापवायची आणि वाफ मागच्या तोटीतून बाहेर जाऊ द्यायची. वाफ मागे, उपग्रह पुढे.

"म्हणजे भात शिजवायचा कुकरच वर पाठवायचा," संदेशयंत्रणा सांभाळणारा जक्रित म्हणाला होता. "पी निरुत, सोबत तांदूळही देऊ का? तिकडे कोणी भुकेलं असलं तर?" तेव्हापासून सगळी संस्था त्या इंजिनाला कुकर म्हणू लागली.

इंजिन तयार झाले, पण रॉकेटवर जागा मिळेना. दोनदा नकार आला. तिसऱ्या अर्जाचा निकाल लागायचा असताना, भर दुपारी, निरुत टेकडीवरच्या विहारात गेला आणि नवस बोलला: जागा मिळाली, तर या विहिरीचे पाणी उपग्रहाबरोबर आकाशात जाईल. हे त्याने कोणाला सांगितले नाही. जक्रितच्या गाडीच्या आरशाला लटकणाऱ्या फुलांच्या माळेची थट्टा करणारा, तर्काबाहेरचे काही न मानणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती, आणि ती ख्याती त्याला प्रिय होती. पुढच्या आठवड्यात जागा मिळाली.

नवस बोलणे सोपे, फेडणे टाळणे कठीण. आपल्याकडे नवस न फेडणाऱ्याचे काय होते हे लहानपणापासून कानावर पडलेले असते आणि पदव्यांनी ते कानांतून निघत नाही. पण फेडावा कसा? उपग्रहाच्या बाहेरच्या अंगावर बोटभर डाग राहिला तरी तपासणीत पकडला जातो. आत कुपी ठेवावी तर तिचे वजन कुठे दाखवायचे? अशा वेळी निरुतला आपल्या इंजिनाचीच आठवण झाली. पाण्यात पाणी दिसत नाही. विहिरीचे चमचाभर पाणी त्याने घरी उकळले, कागदातून गाळले आणि खिशात नेले. पाणी भरण्याच्या दिवशी पी ओर पाण्याची शुद्धता तपासणाऱ्या वीजमापकाची तक्रार करायला बाहेर गेली तेव्हा त्याने ते टाकीत सोडले. विरघळलेला क्षार उकळल्याने जात नाही आणि कागदात अडकत नाही, हे त्याला माहीत होते. टाकीच्या मानाने तो क्षार नगण्य आहे, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. हिशेब बरोबर होता. पण टाकीतले सगळे पाणी अखेर एकाच केसासारख्या बारीक नळीतून जाणार आणि मागे राहणारे सगळे तिथेच साचणार, हा त्या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग त्याने केलाच नव्हता. जो प्रश्न त्याने विद्यार्थ्याला पहिल्याच मिनिटात विचारला असता, तो त्याने स्वतःला विचारला नाही. कारण उत्तर गैरसोयीचे आले असते तर नवस फेडायचा राहिला असता.

*

बैठकीनंतर पी ओर त्याच्या मागोमाग खानावळीत आली. तिने आपल्यासाठी पेज घेतली, त्याच्यासाठी पिशवीतली थंड कॉफी घेतली आणि त्याच्यासमोर बसली.

"तू होतास ना त्या दिवशी आत? नीट आठवून सांग. मी पिचकारी पाकिटातून काढली की ताटलीतून उचलली?"

पाकिटातून. फाडलेले पाकीट तिने खिशात कोंबले होते, कारण कचऱ्याची पेटी दाराबाहेर होती. निरुतला ते लख्ख आठवत होते; त्या वेळी त्याची नजर तिच्या हातांवरून हलतच नव्हती.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"अरे, तुला माझ्या लग्नातल्या जेवणात मासळी खारट झाली होती हे आठवतं."

"ते वेगळं."

"हो. ते वेगळं." तिने पेजेत चमचा फिरवला. "इतकी वर्षं पाणी गाळतेय. घरी सासूबाई म्हणतात, हिच्या हातचं पाणी प्यायलं तर तहान भागत नाही, इतकं रिकामं असतं. आणि आता हेच हात. काल स्वयंपाक करताना तांदूळ चारदा धुतले. मुलगी म्हणाली, आई, तांदळाचं कातडं निघालं."

ती हसली, आणि निरुतही हसला. ते हसू घशाखाली उतरण्याआधीच त्याला कळून चुकले की पहिल्या अपराधाहून आताचा अपराध मोठा आहे. टाकीत पाणी सोडले तेव्हा त्याला परिणाम ठाऊक नव्हता, निदान ठाऊक नसल्याचे सोंग त्याला करता येत होते. 'नाही आठवत' म्हणताना मात्र परिणाम समोरच्या खुर्चीवर बसून पेज खात होता.

गप्प राहण्याच्या बाजूने त्याने स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. पी ओरची नोकरी जाणार नव्हती. तिला फक्त पहिल्या वर्षाच्या वर्गांवर शिकवायला पाठवणार होते. खरे सांगितले तर विहाराचे नाव चव्हाट्यावर येईल, आणि तिथले वृद्ध भिक्षू, लुआंग पो, यांनी कोणाचे काय बिघडवले आहे? उपग्रह तर दोन्ही परींनी पडणारच. असा एकेक मुद्दा तो रचायचा आणि आपणच खोडायचा. खोडण्यात त्याचा हात जन्मापासूनच बसलेला होता.

दुसऱ्या आठवड्यात पुढच्या उपग्रहाच्या आराखड्याचा कागद त्याच्या टेबलावर आला. त्यात लिहिले होते की पाण्यावरचे स्वस्त इंजिन अनुभवाअंती भरवशाचे ठरले नाही, म्हणून परदेशी विजेचे इंजिन घ्यावे, आणि त्याच्या खर्चासाठी तिसरा उपग्रह रद्द करावा. खाली इंजिनप्रमुखाची, म्हणजे त्याची, सही हवी होती. म्हणजे ठपका आता एका बाईवरच नव्हता, पाण्यावरही होता. ही बातमी इथून शेजारच्या देशांत, व्हिएन्तियानला जाईल, फ्नॉम पेन्हला जाईल; ज्यांच्याकडे आपल्याहूनही कमी पैसा आहे ते म्हणतील, त्या लोकांनी करून पाहिले, जमले नाही.

त्याने सही केली नाही. पी ओर वाहनतळावरच्या पर्जन्यवृक्षाखाली स्कूटरवरचा पाचोळा झटकत होती. तिथे जाऊन त्याने सगळे सांगितले: नवस, विहीर, चमचा, आणि पाकिटातून काढलेली पिचकारीसुद्धा.

तिने ऐकून घेतले. मधे एकदाच विचारले, "किती होतं?"

"चमचाभर."

"मी पिचकारीनं काढलं होतं तेवढंच." तिने गाडीच्या बैठकीवरून हात काढून घेतला. "पिचकारीचं तुम्हाला खानावळीतही आठवत होतं?"

"होतं."

"तांदळाची गोष्ट सांगितली तेव्हाही?"

इतकी वर्षे ती त्याला धाकट्या भावासारखे अरेतुरे करत आली होती; त्याची डॉक्टरेट तिने कधी तोंडी आणली नव्हती.

"आचानांकडे जा, डॉक्टर," ती म्हणाली. "आजच जा. मी सोबत येणार नाही. तुमच्या बाजूनंही बोलणार नाही आणि विरुद्धही नाही." तिने गाडी सुरू केली आणि मागे न पाहता ती फाटकाबाहेर पडली.

*

आचान प्रमोट यांनी आधी दार लावून घेतले, मग पंखा वाढवला.

"नवस मीही बोलतो," ते म्हणाले. "मुलीच्या परीक्षेला टोपलीभर अंडी उकडून वाहिली होती. पण मी ती इंजिनात नाही घातली, निरुत."

"नाही, आचान."

"तूच तो ना, ज्यानं उपग्रहाला आशीर्वाद द्यायला आलेल्या भिक्षूंना सांगितलं की पाणी फक्त बंद खोक्यावर शिंपडा?"

"मीच."

"छान." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऐक. अहवालात लिहू, अशुद्धीचा उगम अज्ञात. ओरचं नाव नाही, तुझं नाही, विहाराचं तर नाहीच नाही. सगळ्यांची अब्रू राहील."

"अज्ञात म्हटलं की लोक सगळ्यांत जवळ उभा असलेला माणूस धरतात. टाकीजवळ पी ओर उभी होती. आणि पाण्याचं काय? उगम अज्ञात असेल तर पाणी कधीच सुटणार नाही. पुन्हा कोणी ते वापरणार नाही."

"मग तुझा कबुलीजबाब जोडू? उद्या वर्तमानपत्रात येईल, तीर्थानं उपग्रह पाडला. मंत्रालयात माझी काय शोभा होईल?"

"कबुलीजबाबालाही अर्थ नाही. लोक म्हणतील, पी ओरला वाचवायला निरुतनं अंगावर घेतलं. आपल्याकडे असं करतातच." निरुतने हे आधीच पडताळून पाहिले होते. "माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये, असा पुरावा हवा. जुळ्या इंजिनात तेच पाणी त्याच प्रमाणात घालायचं आणि बंद पडेपर्यंत चालवायचं."

"आपल्याकडे चालतं इंजिन ते एकच आहे."

"म्हणूनच तो पुरावा होईल."

"तुझ्याशी वाद घालून मी आजवर एकदाच जिंकलोय," आचान म्हणाले, "आणि तेव्हा तू आजारी होतास. कर काय करायचं ते."

*

विहारात लुआंग पो अंगण झाडत होते. निरुत चपला काढून, हात जोडून जमिनीवर बसला आणि त्याने काहीही न वगळता सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्या भिक्षूंनी झाडू खांबाला टेकवला.

"म्हणजे मागच्या वेळी चालावं म्हणून नेलंस, आणि आता?"

"आता बंद पडावं म्हणून नेतोय, लुआंग पो."

"पडेल?"

"पडेल."

"त्यानं कोणाचं भलं होणार आहे का?"

"एका निर्दोष बाईचं."

"मग ने. मंत्र म्हणून देऊ?"

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषाही नव्हती. निरुतने मान हलवली. "नको. मंत्राशिवायच पडलं पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, मंत्रात काही होतं."

"फार कठीण माणूस आहेस," लुआंग पो म्हणाले, आणि त्यांनी झाडू पुन्हा हातात घेतला.

जुळे इंजिन निर्वात पेटीत दिवसचे दिवस धडधडत राहिले. टाकी पी ओरने भरली. विहिरीचे पाणी निरुतने सगळ्यांसमोर घातले, आणि जक्रितने या खेपेस विनोद केला नाही. पहिल्या काही दिवसांत काहीच घडले नाही. रेट्याची रेघ पडद्यावर सपाट राहिली, आणि निरुतच्या मनात एक निर्लज्ज आशा डोकावली: कदाचित दोष आपल्या पाण्याचा नसेलच. ती आशा म्हणजे पी ओरच्या मानेवर पुन्हा ठेवलेला हात होता, हे ओळखून तो पडद्यापासून उठून गेला. नंतर रेघ वाकली. क्राजोकची वाकली होती तशीच, त्याच वळणाने वाकली; जक्रितने दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा त्या वेगळ्या ओळखू येईनात.

इंजिन बंद पडल्यावर पी ओरने नळी कापली. आत पांढरा थर होता, किटलीच्या तळाशी बसतो तसा. तिने तो सुईच्या टोकाने खरवडला आणि भिंगाखाली धरला.

"एवढंसंच," ती म्हणाली.

मग तिने हातमोजे उतरवले, स्टुलावर बसली आणि दोन्ही तळहात उताणे करून त्यांच्याकडे पाहत राहिली. निरुत तिथेच उभा होता. त्याला जवळही जाता येईना आणि निघूनही जाता येईना.

अहवालात खरे कारण लिहिले गेले: परवानगीशिवाय बाहेरचे पाणी टाकीत घातल्यामुळे नळी बुजली. घालणाऱ्याचे नाव होते, विहाराचे नव्हते. परदेशी इंजिनाचा प्रस्ताव मागे घेण्यात आला, तिसरा उपग्रह वाचला, आणि पुढच्या दोन्ही उपग्रहांसाठी पाणीच ठरले. क्राजोक त्याच सुमारास समुद्रावर कुठेतरी जळून गेला. त्याने पाठवलेल्या शेवटच्या चित्रात धूर नव्हता, पूरही नव्हता. नुसते ढग होते.

नव्या कामाची सूत्रे आचानांनी पी ओरकडे दिली आणि निरुतच्या देखतच तिला विचारले, "हा हवा की नको? तू म्हणशील ते. मी मधे पडणार नाही."

निरुतने मनाशी 'नको' ऐकून ठेवले होते. त्यात एक प्रकारची सुटका होती, कारण शिक्षा पुरी झाली की हिशेब मिटतो.

"राहू देत," ती म्हणाली. "इंजिन त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. पण टाकीजवळ एकटं कोणी थांबायचं नाही. तसा नियम हवा."

नियमांची भाषा लिहिणे हे निरुतचेच काम होते. त्याने तिथेच संगणक उघडला आणि लिहिले की इंजिनप्रमुखाने टाकीजवळ एकट्याने थांबू नये. पी ओरने पडदा आपल्याकडे वळवून ते वाचले.

"'इंजिनप्रमुखाने' खोडा," ती म्हणाली. "'कोणीही' लिहा. तुमच्या एकट्यासाठी नियम केला, तर नवीन येणारा प्रत्येकजण कारण विचारील, आणि ते मला सांगावं लागेल."

"विचारू देत, पी ओर. मी सांगेन."

"मला ऐकायचं नाहीये, डॉक्टर."

त्याने तो शब्द खोडला, 'कोणीही' लिहिला आणि पडदा पुन्हा तिच्याकडे वळवला.